शाफ्टमध्ये ऐकलेलं

"आणि ती गर्दुल्ली पोरगी! ती तर तिथेच पडीक असते," बंद दरवाजाच्या पलीकडून आवाज आला आणि लिफ्टवाल्याच्या हातातलं तेलकट फडकं रुळावर होतं तिथेच थांबलं. तो उभा होता लिफ्टच्या केबिनच्या छतावर, सहाव्या मजल्याच्या किंचित खाली, शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उंच अंधाऱ्या विहिरीतून वर-खाली करते तिच्यात. मजल्याचा उंबरठा त्याच्या गुडघ्याशी, समोर पत्र्याचा दरवाजा, आतून कळकट आणि बाहेरून चकाचक. खाली तळमजल्यावर त्याने 'दुरुस्ती चालू, लिफ्ट बंद' अशी पाटी टांगली होती. पण वरच्या मजल्यांवर पाटी कोण लावतो, आणि लावली तरी माणसाची जात अशी, की पाटी वाचून झाल्यावर एकदा बटण दाबून बघणारच. तसंच बटण दाबून बाहेर दोघं उभी होती. एक आवाज सोसायटीच्या चेअरमनचा, तो ह्याच मजल्यावर राहायचा. सोबत त्याची बायको होती, पण ती बोलत नव्हती, नुसती 'हं' करत होती.

"पिवळं जर्किन घालते बघ, पोरासारखे केस कापलेत. काल पायरीवर बसून सफरचंद खात होती, जशी काही बापाचीच पायरी," चेअरमन म्हणाला. लिफ्टवाल्याच्या कानात आधी तो शब्द गेला होता, आता जर्किन गेलं, केस गेले, सफरचंद गेलं. संशयाला जागाच उरली नाही. सफरचंद त्यानेच काल सकाळी डब्यात टाकलं होतं, ते अर्धवट खाऊन परत आणायची तिची जुनी खोड होती. 'गर्दुल्ली' हा शब्द त्याला नवा नव्हता, स्टेशनबाहेर, पुलाखाली कुणाकुणाला लोक म्हणताना त्याने ऐकला होता, एकदोनदा स्वतःही म्हटला असेल. पण शब्द आपल्या घरात शिरला की त्याचं वजन कळतं. पायाखाली केबिनचं छत आहे, वर दोर आहेत, दोर पोलादाचे आहेत, हे सगळं त्याला ठाऊक होतं, तरी त्याने हात वर करून दोर धरला. "आज संध्याकाळी मीटिंगमध्ये ठराव पास करून टाकू," चेअरमन पुढे म्हणत होता, "ती तळमजल्याची खोली बंद म्हणजे बंद. उद्यापासून कुलूप. ही घाण आपल्याच बिल्डिंगमध्ये कशाला? आपलीही मुलं आहेत." बायको म्हणाली, "हं." मग लिफ्ट का येत नाही म्हणून त्याने पुन्हा बटण दाबलं.

शाफ्टमध्ये सगळं ऐकू येतं. भिंतींना कान असतात असं लोक नुसतं म्हणतात, लिफ्टवाल्याला ते नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कुठल्याही मजल्यावर कुणी खोकलं तरी तो खोकला विहिरीत उतरतो आणि तळापर्यंत जातो. लिफ्टची वाट बघणारी माणसं फार मोकळी बोलतात. घरात बोलायची चोरी, रस्त्यावर घाई, मग दोन मिनिटं इथे उभं राहून सगळं ओकून टाकतात. कोण कुणाला फसवतंय, कुणाच्या सुनेने कुणाला काय सुनावलं, कुणाचा विग आहे, हे त्याला त्या त्या माणसाचं तोंड न बघता माहीत होतं. माणसं तो आवाजावरूनच ओळखायचा. त्याला काम शिकवणारा उस्ताद एक डोळा बारीक करून सांगायचा, "शाफ्टमध्ये ऐकलेलं शाफ्टमध्येच सोडायचं, बाळा. वर येताना फडक्याला हात पुसतोस ना, तसे कानही पुसायचे. ज्याने नाही पुसले त्याने हा धंदा करू नये, चहाची टपरी टाकावी." उस्ताद गेला, त्याचा शब्द राहिला. इतक्या वर्षांत लिफ्टवाल्याने बायकोलासुद्धा कधी काही सांगितलं नव्हतं, आणि बायको तर म्हणायची, तुमच्याशी बोलण्यापेक्षा तुमच्या लिफ्टशी बोललेलं बरं, ती निदान दार तरी उघडते.

आणि ह्या अशा कानांच्या माणसाला स्वतःच्या घरात काही ऐकू आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पोरगी कॉलेजला जात होती, येत होती, जेवत होती, नव्हती जेवत. झोप लागत नाही म्हणून कुणा मैत्रिणीच्या आजीच्या गोळ्या, मग दिवसा डोळे उघडे राहावेत म्हणून दुसऱ्या गोळ्या, मग खोकला नसताना खोकल्याचं औषध, मग ते कुणाकडून मिळतं हे माहीत असलेली मुलं, मग ती मुलं. पलीकडच्या खोलीत रात्ररात्र ती जागी असायची आणि ह्याला वाटायचं अभ्यास चाललाय, केवढी शहाणी पोर. ज्या सकाळी ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर सापडली त्या सकाळीसुद्धा त्याला पहिल्यांदा वाटलं, पोरगी काही शोधायला खाली वाकलीय. हॉस्पिटलातून आणल्यावर घरात ठरलं, लोकांना सांगायचं कावीळ झालीय. ठरलं म्हणजे त्यानेच ठरवलं. झालं! मामा आला, आत्या आली, शेजारीण आली, प्रत्येकाकडे काविळीवरचा रामबाण उपाय. कुणी उसाचा रस पाज, कुणी मुळ्याचा पाला वाट, कुणी म्हणे अमुक माणूस नुसता हात फिरवतो. पोरगी अंथरुणात बसून सगळं ऐकायची. एकदा आत्या तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून म्हणाली, "पिवळेपणा उतरला हो!" आणि पोरगी जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडायला लागली आणि तेव्हा आत्या म्हणाली, काविळीत असं होतंच. हसू तेव्हा त्यालाही आलं होतं, आणि त्या हसण्याचा त्याला अजून राग यायचा.

मग ही खोली सापडली. सापडली म्हणजे काय, त्याच्याच कामाच्या रस्त्यात होती. ह्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराला लागून, पूर्वी सायकली ठेवायची ती जागा एका संस्थेने भाड्याने घेतलेली. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक केटली, भिंतीला टेकवलेली सतरंजी, आणि एक बाई, जिला सगळी मुलं नुसतं ताई म्हणायची. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दार उघडं. कुणी यायचं, बसायचं, वाटलं तर बोलायचं, आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे, ताई गोळ्या मोजून समोर घ्यायला लावायची. एकच नियम होता, खोलीत बोललेलं खोलीतच राहील. लिफ्टवाल्याला तो नियम ऐकूनच ही जागा आपली वाटली. त्याने पोरीला आणून सोडलं, आणि वर तिला बजावलं, इथे आपली ओळख दाखवायची नाही, लिफ्ट कंपनीचं काम आहे, लोक शंभर तोंडांनी बोलतात. ती म्हणाली, "कावीळ सांसर्गिक असते ना बाबा, बरोबर आहे तुझं." तेव्हापासून ती पायरीवर बसलेली असली की तो तिच्या बाजूने हत्यारांची पेटी घेऊन परक्यासारखा जायचा, आणि ती त्याला परक्यासारखी वाट द्यायची. हळूहळू तिचं जेवण परत आलं, आवाज परत आला, उद्धटपणा तर व्याजासकट परत आला. आता ताईच तिला नव्याने आलेल्यांजवळ बसवायची. ती काय बोलते त्यांच्याशी, असं त्याने एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू अडकलेल्या लोकांशी बोलतोस तेच." लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्याला घाबरू नका असं कधी सांगायचं नसतं, त्याने माणूस जास्त घाबरतो. त्याला विचारायचं, सकाळी काय खाल्लं, घरी कोण आहे, बुटाचा नंबर काय. तो बुटाचा नंबर आठवत बसतो आणि तेवढ्यात श्वास ताळ्यावर येतो. लहानपणी सुट्टीच्या दिवशी हिला तो सोबत न्यायचा तेव्हा दाराशी उभी राहून हिने ते ऐकलेलं. "मी बुटाचा नंबर विचारते," ती म्हणाली, "आणि खरंच काम होतं रे."

बाहेर चेअरमनचं संपलं नव्हतं. "संस्कार, दुसरं काय? आईबापांनी लक्ष दिलं असतं तर पोरं अशी गेली असती का वाया? आपल्या चिरंजीवाकडे बघ. कधी मान वर करून बोलत नाही." बायकोने ह्या वेळी 'हं'सुद्धा केलं नाही. आणि लिफ्टवाल्याच्या कानात, कधीच पुसून टाकला असं समजलेला, दुसराच आवाज उभा राहिला. मागच्या फेरीला, ह्याच मजल्यावर, ह्याच दरवाजाआड. जिन्यात एक पोरगा रडत होता, तोंडात रुमाल कोंबून रडावं तसा. "आई, मला रात्रभर भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. ते घेतलं की थांबतं. पप्पांना सांगू नकोस." आणि आई, आवाज हाच 'हं'चा, म्हणत होती, "हळू बोल, हळू बोल, राजा." पुढे त्या पोराचा आवाज त्याने पुन्हा ऐकला, पोरीचा विसरलेला डबा दाराशी ठेवायला गेला तेव्हा. खोलीतून कुणीतरी म्हणत होतं, "आठ नंबर," आणि त्याची पोरगी विचारत होती, "आठ? मग बोटं आखडत नाहीत का?" तेव्हा त्याने कान पुसले होते. आता मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, आणि झाकलंय काय हे ह्या बापाला तरी कुठे माहीत! नाकाने कांदे सोलत उभा आहे. लिफ्टवाल्याने हात वर करून दाराची कडी आतून सोडवली, आणि दरवाजा बाजूला ढकलला.

"अगं बाई!" चेअरमनची बायको किंचाळली. लिफ्ट नव्हती, आणि लिफ्टच्या जागी एक माणूस उभा होता, गुडघाभर जमिनीत रोवलेला, तोंडाला काळं फासल्यासारखं ग्रीस.

"अहो, हा काय प्रकार आहे?" चेअरमन दोन पावलं मागे सरला. "हार्ट अटॅक आला असता मला!"

"ती माझी मुलगी आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"कोण?"

"गर्दुल्ली. पिवळं जर्किन. सफरचंद खाणारी. ती माझी मुलगी आहे, साहेब, आणि पायरी बापाची नसली तरी लिफ्ट बापच चालवतो." बस, एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची बंद राहिलेली जीभ, ती एकदा सुटली ती टाळ्याला लागेना. तो ओरडत सुटला. गोळ्यांचं सांगितलं, खोकल्याच्या औषधाचं सांगितलं, स्वयंपाकघरातली फरशी सांगितली, पोट धुताना ती काय काय बडबडली ते सांगितलं, कावीळ सांगितली, आत्याचा टॉर्च सांगितला. "लक्ष नव्हतं म्हणता? होतं लक्ष! माझं दोन्ही डोळ्यांनी लक्ष होतं, तरी झालं! तुमचंही आहे ना लक्ष? ठेवा, ठेवा! ती खोली नसती तर माझी पोर आज भिंतीवर फोटोत असती. कुलूप घालता? घालून तर बघा!" त्याला बरं वाटत होतं. छाती मोकळी होत होती, आवाज चढत होता आणि घुमत होता, आणि तो घुमतोय म्हणून त्याला आणखी जोर येत होता.

तो कशामुळे घुमतोय हे त्याच्या ध्यानात आलं ते जिन्यात पावलं वाजली तेव्हा. पावलं धावत येत होती. पिवळं जर्किन शेवटच्या वळणावर दिसलं. आयुष्य शाफ्टमध्ये गेलं होतं त्याचं. वर खोकलेलं तळाशी ऐकू येतं हे त्याने शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. आणि आज तो शाफ्टच्या मधोमध उभा राहून बोंबलला होता, आणि तळाला, लिफ्टच्या दाराला लागून, ती खोली होती.

पोरगी कठड्याला धरून धापा टाकत उभी राहिली. तिने चेअरमनकडे बघितलंही नाही.

"बाबा, तू कुणाला विचारून सांगितलंस?"

"अगं, हे म्हणत होते..."

"ते काय म्हणतात ते मला माहीत आहे. रोज म्हणतात. मी तुला विचारतेय. पोट धुताना मी काय बोलले ते तू ह्यांना कसं सांगितलंस? खाली सगळ्यांनी ऐकलं. एक नवीन मुलगी आली होती आज, पहिल्यांदा. तुझा आवाज ऐकून उठून गेली. तिला वाटलं, इथलं सगळं असंच भिंतीतून बाहेर येतं." तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला संताप येत होता, बाहीने तिने ते खसाखसा पुसले. "संध्याकाळी मीटिंगमध्ये मी बोलणार होते. माझं मी. ताईबरोबर किती दिवस तयारी करत होते. माझ्याकडे सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, बाबा, तीपण तू ओरडून टाकलीस."

 लिफ्टवाल्याने चूक झाली म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात ग्रीसची चव होती. आधी लपवलं तेही तिला न विचारता, आणि आज उघडं केलं तेही न विचारता. सगळ्या जन्मात एकदा त्याने कान न पुसता तोंड उघडलं, आणि ते नेमकं हिच्याच गोष्टीवर.

"बघा, बघा," चेअरमनला आता कंठ फुटला होता. "बापाशी ही भाषा! हेच का तुमच्या खोलीत शिकवतात? ह्या बिल्डिंगला त्या खोलीचा उपयोग काय, सांगा ना. इथल्या एका तरी घरातलं मूल जातं तिथे? एक नाव सांगा. एकच. आत्ताच्या आत्ता ठराव मागे घेतो, शब्द आहे माझा."

एक नाव. लिफ्टवाल्याच्या जिभेवर ते तयार होतं. तीन अक्षरं, 'तुमचा', की खोली वाचली. पोरीची खुर्ची, केटली, सतरंजी, सगळं वाचलं, आणि वर ह्या माणसाचं तोंड कसं होतं ते फुकटात बघायला मिळालं. त्याने चेअरमनच्या बायकोकडे बघितलं. ती भिंतीला चिकटली होती. तिची नजर त्याच्यावरून त्याच्या मागच्या काळोख्या विहिरीत गेली, तिथून शेजारच्या जिन्याकडे गेली, आणि पुन्हा त्याच्यावर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कळलं होतं की ह्या पत्र्यामागे माणूस असतो.  मग त्याने पोरीकडे बघितलं. तिलाही नाव ठाऊक होतं, बुटाच्या नंबरासकट ठाऊक होतं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला आपली लाज वाटली, आणि लाजेच्या वर कसली तरी ताठ गोष्ट उभी राहिली.

"नाव मिळणार नाही, साहेब," तो म्हणाला.

"म्हणजे नाहीच कुणी!"

"असं समजा. असेल तरी मिळणार नाही, नसेल तरी मिळणार नाही. कंपनीला फोन करा, माझं काम काढून घ्या, पोलिसांना बोलवा. नाव मिळणार नाही."

चेअरमन हसला. "झालं तर मग. संध्याकाळी भेटू." आणि बायकोला म्हणाला, "चल गं, जिन्यानेच जाऊ."

बायको हलली नाही. "मी संध्याकाळी खोलीच्या बाजूने हात वर करणार आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की शाफ्टनेसुद्धा तो उचलला नसता.

"काय?"

"खोली राहायला हवी."

"डोकं फिरलंय का तुझं? का पण?"

"कारण विचारू नका." तिने पदराने ओठावरचा घाम टिपला. "इतकी वर्षं तुम्ही विचारलं नाहीत, आजही विचारू नका." एवढं बोलून ती खाली न जाता घरात गेली, आणि दार तिने लोटलं ते आपटलं नाही, हळूच लावलं. चेअरमन त्या दाराकडे बघत राहिला, मग शाफ्टकडे बघितलं, मग एकटाच जिना उतरायला लागला.

पोरगी पायरीवर बसली. लिफ्टवाला तसाच गुडघाभर जमिनीत.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"किती?"

"पुष्कळ. विचारू नकोस, वाढेल." मग ती म्हणाली, "संध्याकाळी ये. मागे बस. आणि बाबा, तोंड उघडलंस ना, तर घरी येणार नाही मी."

"आणि ठराव पास झाला तर?"

"तर उद्यापासून फुटपाथवर बसू. फुटपाथ काय चेअरमनच्या बापाचा आहे?" असं म्हणून ती उठली, आणि त्या नवीन मुलीला शोधायला खाली धावली.

मीटिंग पार्किंगमध्ये होती, गाड्या बाजूला करून. लिफ्टवाला हातपाय धुऊन आला आणि सांगितल्याप्रमाणे सगळ्यात मागे, पंपाच्या खोलीला टेकून बसला. चेअरमनची बायको पुढच्या रांगेत होती, नवऱ्याकडे न बघता. लोक बोलत होते, बिल्डिंगची किंमत, आल्यागेल्याचं भय, मुलींची काळजी. कुणी म्हणालं, आम्हाला त्यांची दया येते, पण. त्या 'पण'वर बरीच डोकी हलली. लिफ्टवाल्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते आणि दातांत जीभ. मग चेअरमनने विचारलं, विरुद्ध बाजूने कुणाला बोलायचंय का, आणि पोरगी उठली. ताईने तिच्या हातात कागद दिला होता, तो तिने घडी करून जर्किनच्या खिशात टाकला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि कुजबुज झाली त्यात तो शब्द पुन्हा एकदा ऐकू आला, मागच्या रांगेत, ह्याच्या अगदी पुढ्यात. तो शब्द उच्चारणाऱ्याची मानगूट हाताच्या अंतरावर होती. तो हलला नाही.

"तुम्हाला दुपारी एक नाव हवं होतं," ती चेअरमनला म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. "ह्या बिल्डिंगमधलं नाही देणार. ते कधीच मिळणार नाही, कितीही ठराव करा. पण तुम्ही लिफ्टची वाट बघताना जिच्याबद्दल बोलता, ती मी आहे. माझं नाव लिहून घ्या."

आणि तिने नाव सांगितलं. पूर्ण, कोर्टात सांगावं तसं. आधी स्वतःचं, शेवटी आडनाव, आणि मधे बापाचं. इतकी वर्षं ह्या बिल्डिंगमध्ये येऊन-जाऊन ज्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं, त्याचं नाव पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर, तिच्या नावाला धरून, मोठ्याने उच्चारलं गेलं. पुढची काही डोकी मागे वळून शोधायला लागली. लिफ्टवाला उठून उभा राहिला, की ज्यांना बघायचंय त्यांना नीट दिसावं.

"आता काय विचारायचंय ते मला विचारा," ती म्हणाली. "इथे. तोंडावर."